सिस्टरची जुबिली आणि माझी सागोती

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण मध्ये मला रडू येतं आणि मग पुढचं सांगता येत नाही. जन्मात एकदा मी कोणाला मानानं जेवायला बोलावलं आणि असा घोळ घातला, की रत्नागिरीच्या मांडवीतल्या बाया अजून तोंडाला पदर लावतात.

सिस्टर क्लारा मिशनच्या दवाखान्यात होती. गोरी बाई, पण बोलायची थेट आपल्यासारखं. माझं पहिलं बाळंतपण अडलं तेव्हा दोन दिवस माझ्या उशाशी बसून होती. घरधनी तेव्हा गलबतावर. मी आणि माझी पोर वाचलो ते तिच्यामुळे. आणि बदल्यात काय घेतलं तिनं? एक शहाळं नाही हो! मठाचा नियमच तसा, कोणाच्या घरी जेवायचं नाही.

मग तिची जुबिली आली. व्रत घेऊन मठात आल्याला पंचवीस वर्षं झाली, की त्यांच्यात मोठा सण करतात. तो झाला की लगेच तिला मुंबईच्या मठात जायचं होतं, कायमचं. मी उठले आणि तडक त्यांच्या मोठ्या मदरपुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, एक जेवण द्या मला, नाहीतर इथून हलायची नाही. मदर बिचारी घाबरली असावी. शुक्रवारी दुपारी, एकदाच, म्हणाली. बोट शनिवारी सकाळची.

मी पण काही कच्ची नाही! भटजींना दिवस विचारून आले. एकादशी नाही, संकष्टी नाही, श्रावण तर केव्हाच सरलेला. म्हटलं, झालं, मटण करायला मोकळी.

शुक्रवारी सकाळी मासेवाली टोपलीभर सरंगे घेऊन दारात. असे ताजे, की बघत राहावं. मी तिलाच झापलं, की आज माझ्याकडे जुबिली, आणि पाहुणीला रोजचे मासे वाढू? सासूबाई म्हणत होत्या, दोन तरी ठेव. ऐकते कोण! टोपभर मटणाची सागोती केली, वडे तळले, सोलकढी केली. वासानं अर्धी आळी दारात.

सिस्टर आली, पाटावर बसली. मी पान वाढलं. ती नुसती बघतच राहिली. मला वाटलं, भरून आलं बाईला.

"काशीबाई," ती हळूच म्हणाली, "आज शुक्रवार. आमचा देव शुक्रवारी गेला. त्या दिवशी आम्ही मटण नाही खात. मासे चालतात. मला वाटलं, मांडवीत जेवायचं म्हणजे मासेच असणार."

"दर शुक्रवारी?"

"दर शुक्रवारी."

आता बोला! रत्नागिरीत, समुद्राच्या काठी, पाहुणीच्या पानात मासा नाही, हे फक्त माझ्याच घरी होऊ शकतं. मी मटकन खाली बसले आणि रडायलाच लागले. ती कोरडे वडे आणि सोलकढी जेवली, वर माझेच डोळे पुसले. सागोती आळीनं संपवली.

पण मीही हट्टाची. वाडगाभर बाजूला ठेवली होती, तिला रात्री एक कढ, पहाटे एक कढ. सकाळी डबा घेऊन बंदरावर हजर.

"सिस्टर, आज नाही ना कोण गेलं तुमच्यात?"

खळखळून हसली हो. बोटीपर्यंत नेणारा पडाव यायला वेळ होता. तिथंच आपल्या पेटीवर बसली आणि बोटं चाटून जेवली. मग वड्यात मटणाचा तुकडा धरून माझ्या तोंडापुढे केला.

"खा. एकटीची जुबिली होत नाही."

आजवर आजाऱ्यांना भरवणारी ती, तिला कोणी भरवलं असेल का कधी? मी खाल्लं, तिला भरवलं, रडत रडत दोघींनी डबा पुसून संपवला. तिचा पडाव बोटीला लागेपर्यंत मी हात हलवत होते.

घरी आले, तर सासूबाई ताटली घेऊन दारात उभ्या.

"अगो, आज शनिवार. मारुतीचा उपास तुझा, आणि पहाटेपासून उपाशी फिरत्येस. ये, रताळी उकडून ठेवलीत."

काय करणार? सागोतीच्या वासाचे हात पदराला पुसले आणि निमूट रताळी खायला बसले.