मंद लॅपटॉपच्या घरातली दोन वर्षं

अकोल्याच्या जठारपेठेत रुख्मिणी म्हैसनेनं शिवलेल्या ब्लाउजला नाव होतं आणि तिच्या नवऱ्याच्या तोंडाला. सूर्यभान सरकारी कचेरीत टायपिस्ट होता, पण लोक त्याला ओळखत ते कबड्डीमुळे. पातूर, बडनेरा, अमरावती, कुठंही मैदान आखलं की माइकवर सूर्यभान पाहिजेच. चढाईला निघालेला गडी मधली रेघ ओलांडेपर्यंत यानं त्याची मागच्या वर्षीची चूक आणि आजची फजिती सांगून टाकलेली असे. लोक पोट धरून हसत.

तीच जीभ घरीही यायची. "हिच्या हातची भाजी म्हशीनंही हुंगून सोडली असती." "हिच्या बापानं पोरगी नाही दिली मले, पोतं दिलं." हे पाहुण्यांच्या देखत, चहाचा कप तिच्याच हातून घेताना. पाहुणे हसत. रुख्मिणीही हसल्यासारखं करी, कारण न हसणाऱ्या बाईला पुढचा टोला जास्त जोरात बसतो, हे ती लग्नाच्या पहिल्या वर्षीच शिकली होती. त्यानं हात कधी उचलला नाही. लोक तेही त्याच्या पुण्यात धरत.

मग तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं आणि बिडीनं आपलं काम केलं, घशाला कॅन्सर धरला. नागपूरला ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढलं, मानेला कायमचं भोक राहिलं. जीव वाचला, आवाज गेला.

मुलगी प्राजक्ता अमरावतीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तिनं लोकांच्या मोबाइलमध्ये पडलेली जुन्या सामन्यांची रेकॉर्डिंग गोळा केली आणि त्यातून बापाचा आवाज बनवून आपल्या जुन्या लॅपटॉपमध्ये बसवला. सूर्यभाननं टाइप करायचं, लॅपटॉपनं त्याच्या आवाजात बोलायचं. सोय मोठी होती, फक्त तो सगळा आवाज मैदानावरचा. हळू बोलताना त्याला कोणी कधी रेकॉर्ड केलं नव्हतं. तसा तो बोललाच कधी? त्यामुळे 'पाणी दे' हेसुद्धा पकड यशस्वी झाल्यासारखं घरभर घुमायचं.

आणि लॅपटॉप मंद. सूर्यभानची बोटं कचेरीतली, भराभर चालत, पण लिहून झालं की यंत्र विचार करत बसे. तेवढ्यात दूध उतू जाऊन शेगडी पुसून व्हायची. रुख्मिणी दाराच्या चौकटीला टेकून वाट पाही. कधी कधी मध्येच तो तिच्याकडे बघे, मग लिहिलेलं पुसून टाके आणि नुसतं 'बरं' असं लिही. दोन वर्षांत टोमणा म्हणून एकही तिच्या कानावर आला नाही. आजारानं माणूस निवला, असं ती शेजारणींना सांगू लागली. सांगता सांगता तिला ते खरं वाटू लागलं.

यंदा मे महिन्यात प्राजक्ता सुटीला आली, तर बापानं तिच्यापुढं लॅपटॉप सरकवला. बऱ्याच वेळानं आवाज फुटला, "हे गाढव पळव!"

"पळवता येते, बाबा. ओव्हरक्लॉक म्हणतात त्याले. कंपनीनं जेवढा वेग ठरवून दिला, त्याच्याहून जास्त वेगानं चालवाचं. पण तापते. नवी मशीन सहन करते, हे म्हातारं झालं आता. अन् अकोल्याचा उन्हाळा."

सूर्यभाननं मान जोरजोरात हलवली. चालेल, चालेल.

प्राजक्ता आईकडे वळली. "आई, तू सांग. दिवसभर तूच असते त्यांच्यापाशी."

"जळलं तं?" रुख्मिणी म्हणाली. "आहे ते बी जाईन. राहू दे जसं हाय तसं."

दुसरा लॅपटॉप घेण्याची ऐपत औषधांनी ठेवली नव्हती, तेव्हा हे कारण कोणालाही पटावं असंच होतं. खरं कारण वेगळं होतं आणि ते तिनं स्वतःशीसुद्धा धड मान्य केलं नव्हतं. माणूस निवला की नुसतं यंत्र मंद आहे, हे तिला कळून घ्यायचं नव्हतं.

चार दिवसांनी पातूरहून केशवराव आले. सामने भरवणारे, सूर्यभानचे जुने दोस्त. सोबत मंडळातले दोघं. चहा झाला, मग केशवरावांनी विषय काढला.

"सूर्यभान, यंदा माइक पियुषले द्याचा म्हणतो. पोरगा चुरचुरीत हाय. तुले काय वाटते?"

सूर्यभानची बोटं धावली. यंत्र बसलं विचार करत. केशवराव थोडा वेळ थांबले, मग सोबतच्यांकडे वळून म्हणाले, "दिऊन टाकू मंग. ह्याची ना नाही." आणि पुन्हा सूर्यभानकडे, "तब्येत कशी हाय? जेवण जाते ना बरोबर आता?"

"नाही! मुळीच नाही! त्याले नियम माहीत नाहीत!" लॅपटॉप मैदानी आवाजात ओरडला.

मंडळातल्या एकाला हसू आवरेना. "कोणाले, जेवणाले?" दुसरा फिस्सकन हसला, केशवरावही हसले. वाईट माणसं नव्हती ती. त्याच घरात, त्याच खुर्च्यांवर बसून आजवर अशीच तर हसत आली होती. सूर्यभाननं झाकण मिटलं आणि भिंतीकडे पाहत राहिला. चौघांत बसून हसण्याचा विषय होणं कसं असतं, ते रुख्मिणीइतकं त्या घरात कोणाला ठाऊक होतं? तिला त्याची दया आली. बाईची अक्कल दयेपुढं टिकत नाही.

पाहुणे गेल्यावर ती प्राजक्ताला म्हणाली, "कर वं ते. पळव."

प्राजक्तानं तासभर खटपट केली. वेग थोडा वाढवी, तापमान पाही, पुन्हा वाढवी. शेवटी यंत्र धावलं, पण हात लावावा तर चटका. तेव्हा बैठकीतला टेबलफॅन लॅपटॉपच्या सेवेला गेला. कूलर आधीच सूर्यभानच्या खाटेपुढं. रुख्मिणीच्या शिलाई मशीनपाशी भिंतीतून येणारी धग तेवढी उरली.

पहिला दिवस सणासारखा गेला. सूर्यभाननं केशवरावांना फोन लावून पियुषची अशी काही चिरफाड केली, की ते पलीकडून "अरे बाप्पा, बस कर!" म्हणत हसत सुटले. शेजारपाजारचे ऐकायला आले. त्यानं गल्लीतल्या दोन बोकडांच्या टकरीचं समालोचन केलं. त्याच्या चेहऱ्यावर रक्त आलं. रुख्मिणीनं पदरानं डोळे पुसले आणि आपण उगाच भीत होतो, असं मनाला बजावलं. रात्री तिनं त्याच्यासाठी मऊ खिचडीवर तूप जरा जास्तच घातलं.

दुसऱ्या दिवशी देशमुखांची सून ब्लाउज घालून पाहायला आली. आरशापुढं वळून म्हणाली, "काकू, गळा जास्तच खोल झाला वाटते, नाही?"

रुख्मिणी टाचणी तोंडात धरून उत्तर देणार, तोच बैठकीतून आवाज आला. लगेच. श्वासभरही उशीर नाही.

"तिले मापं कळली असती तं माही बायको कायले झाली असती? पोतं शिवाले सांगा तिले, पोतं! घरच्याच मापाचं!"

देशमुखांची सून खळखळून हसली. "काका अजून तसेच हाये बाई!"

रुख्मिणीनं दारातून पाहिलं. सूर्यभान तिच्याकडे बघतच नव्हता. तो त्या पोरीकडे बघत होता, हसली का ते. हसली म्हटल्यावर बोटं पुन्हा धावली.

गिऱ्हाईक गेल्यावर प्राजक्ता स्वयंपाकघरात आली. तिनं सगळं ऐकलं होतं. "आई, मी आत्ता वेग कमी करते. दोन मिनिटांचं काम. तापते म्हणून सांगू त्यांले."

"नको."

"काहून नको? पुन्हा तेच ऐकणार हायेस का जन्मभर?"

"कमी केला तं ते बोलणार नाही. पण मनात तं तेवढ्याच वेगानं येईन ना त्यांच्या? मले आता माहीत झालं. दोन वर्सं मी समजून राहिली होती का माणूस बदलला. ते तं तुह्या मशीनीचं देणं होतं, बाई."

"मंग चाल माह्यासंग अमरावतीले."

"अन् त्यांच्या मानेचं कोण करीन?"

दोन दिवसांनी प्राजक्ता अमरावतीला परतली. जाताना बापाच्या पाया पडली नाही. सूर्यभाननं त्यावरही एक विनोद केला. हसायला घरात कोणी नव्हतं.

दुसऱ्या सकाळी रुख्मिणी त्याच्या मानेची नळी साफ करायला बसली. हे रोजचं काम. या दोन वर्षांत त्या वेळी ती त्याच्याशी बोलू लागली होती, कोणत्या गिऱ्हाइकानं काय म्हटलं, मेथी कशी महाग झाली, काहीबाही. लग्नानंतर इतकं सलग ती त्याच्याशी कधी बोलली नव्हती, आणि तोही मान वर करून गुमान ऐके. आज तिनं नळी काढली, धुतली, भोकाभोवतीचं ओल्या कापसानं टिपलं, नळी परत बसवली. हात नेहमीसारखाच हलका होता.

सूर्यभाननं मांडीवरच्या लॅपटॉपवर बोटं चालवली.

"काहून गप्प हायेस वं?" आवाज तत्काळ आला, खणखणीत.

"काही नाही," रुख्मिणी म्हणाली, आणि वापरलेला कापूस घेऊन मोरीकडे गेली.