निवृत्तीची दोरी

वडनेर भोलजीत गर्दी आवरायची वेळ आली की लोकांना एकच नाव आठवायचं. जत्रा असो, पुढाऱ्याची सभा असो, नाहीतर शाळेच्या पटांगणातली कुस्ती असो, "निवृत्तीले बोलवा," म्हणायचे. माणूस उंचीनं बेताचा, अंगानं किडकिडीत, आवाजही काही फार मोठा नाही. पण त्यानं हात आडवा केला की केला. त्या हाताला वळसा घालून जायची गावात कोणाची छाती नव्हती.

हा मान त्याला शंकरपटानं दिला होता. दरवर्षी कपाशी घरात आली की गावाबाहेरच्या पडीत जमिनीवर बैलजोड्यांचा पट भरायचा. मध्ये मोकळी वाट, दोन्ही अंगांना हजारो माणसं. जोडी सुटली की माणसांचं भान सुटायचं. त्यांना मागं ठेवायला सणाची जाड दोरी बांधलेली असे, आणि तिचं मोकळं टोक एका माणसाच्या हातात. तो दोरीवाला. आधी निवृत्तीचा बाप, मग निवृत्ती. पटाच्या आदल्या सांजेला दोरीवाल्यानं महादेवापुढं नारळ उचलायचा, की पट संपेपर्यंत कोणालाही दोरी ओलांडू देणार नाही; बैलाचा मालक असो, पाटील असो, पोटचं लेकरू असो. पट आटोपला की तो नारळ फोडायचा, मग दोरीवाला मोकळा. मधल्या वेळात कोणी दोरी ओलांडली तर दोष दोरीवाल्याच्या घराला लागतो, त्याच्या घरचं माणूस जातं, असं म्हातारीकोतारी सांगत. निवृत्तीच्या बापाच्या हातून एकदा दोरी सुटली होती. त्याच पावसाळ्यात निवृत्तीचा थोरला भाऊ पटकीनं गेला. निवृत्ती तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्या साली तालुक्यात पटकीनं किती घरं रिकामी केली, हे त्याच्यापुढं कोणी कधी मांडलं नाही.

बाकी आयुष्य चारचौघांसारखं. बापाची साडेतीन एकर कोरडवाहू, हंगामात जिनिंगमध्ये चौकीदारी, बायको पुष्पाबाई, एक मुलगी कोकिळा. कोकिळेच्या आधीची दोन मुलं जगली नाहीत, म्हणून तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलेलं. होमगार्ड निघालं तेव्हा गावातून पहिलं नाव निवृत्तीनं दिलं. खाकी गणवेश मिळाला, शिटी मिळाली. तो गणवेश पुष्पाबाई पितळी तांब्यात निखारे घालून इस्त्री करायची.

सत्तर सालच्या जानेवारीत मुंबईच्या कुठल्याशा मोटार क्लबानं शर्यत काढली. शनिवारी मोटारी मुंबईकडून नागपूरला जाणार आणि रविवारी त्याच रस्त्यानं परत. हमरस्ता वडनेरच्या अंगावरून जातो. गावोगावच्या फाट्यांवर होमगार्ड उभे करायचे ठरलं आणि शुक्रवारी सगळ्यांना मलकापूरला बोलावलं. क्लबाचा साहेब हिंदीत बोलला, कमांडरनं मराठीत सांगितलं. दर दोन मिनिटांनी एक मोटार येईल, एकूण चाळीस. सगळ्यांच्या शेवटी हिरव्या झेंडीची मोटार. ती गेली की रस्ता मोकळा.

"आणि एक ऐका," कमांडर म्हणाला. "आजारी माणूस, बाळंतीण, मयत, असं काही असलं तर दोन मोटारींच्या मधात पाहून सोडून द्या. माणसं आहेत, ढोरं नाहीत."

निवृत्तीनं ते ऐकलं. नीट ऐकलं. परतताना एस.टी.त शेजारच्या गावच्या होमगार्डला म्हणालासुद्धा, "साहेबाले पटातलं काय समजते? दोरी एकडाव ढिली केली का मंग ते दोरी राह्यते का बे?"

घरी आला तो सरळ महादेवाला गेला आणि नारळ उचलून आला. नारळ देव्हाऱ्यात ठेवताना पुष्पाबाईनं पाहिलं.

"अजी, मोटारीच्या शर्यतीले कायचा नारळ?"

"मोटारीची असो का बैलाची, शर्यत ते शर्यतच."

"साहेबानं सांगतला का उचलाले?"

"साहेब काय सांगते? दोरी माह्या हातात राह्यणार हाय का साहेबाच्या?"

कोकिळा तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती. तिला बुलढाण्यापलीकडच्या धाड गावात दिलेली, सासरची माणसं चांगली. दिवस भरायला अजून दोन आठवडे होते. खाटेवर पाय लांब करून ती हसली. "माय, बाबाईले बोलू नको व. त्याईले दोरी देल्ली का जेवनबी लागत नाई."

शनिवार छान गेला. गावातून येणारी गाडीवाट जिथं हमरस्त्याला मिळते तिथं दोन कडूनिंब होते. निवृत्तीनं पटाचीच दोरी त्यांना आडवी लावली आणि टोक हाताला गुंडाळून उभा राहिला. मोटारी अशा गेल्या की पोरं ओरडायची विसरली. बाकीच्या गावांत लोक मोटारींच्या मधून इकडून तिकडं पळत होते, रुमाल हलवत होते. वडनेरच्या फाट्यावर चिटपाखरू हललं नाही. जीपमधून जाताना कमांडरनं हात वर केला. निवृत्तीचा ऊर भरून आला.

रविवारी पहाटे तो फाट्यावर गेला आणि तासाभरात इकडं कोकिळेला कळा सुरू झाल्या. सुईण गोजरबाई आली. गावातली अर्धी पोरं तिच्याच हातची. दहाच्या सुमाराला ती खोलीबाहेर आली आणि हात पुसत म्हणाली, "पुष्पे, हे माह्या हातचं नाई. लेकरू अडून राह्यलं. दवाखान्यात ने. येळ लावू नको."

दवाखाना हमरस्त्याच्या पलीकडं होता, फाट्यापासून फर्लांगभर. सरकारनं दोन वर्षांपूर्वी बांधलेला, पांढऱ्या भिंतींचा, आत एक डॉक्टर आणि एक नर्स. फाट्यावर उभं राहिलं की त्याचा व्हरांडा दिसायचा.

शेजारच्या भगवानरावानं बैलगाडी जुंपली. गाडीत गोधडी, गोधडीवर कोकिळा, तिचं डोकं पुष्पाबाईच्या मांडीवर. गाडी कडूनिंबांशी आली तेव्हा मोटारी अजून जात होत्या.

"निवृत्ती, दोरी खाली कर. कोकिळा हाय गाडीत."

निवृत्तीनं गाडीत पाहिलं. पोरीचे ओठ पांढरे पडले होते.  पण दोरी खाली आली नाही.

"पस्तीस गेल्या. पाच राह्यल्या. दहा मिनिटं थांबा."

"बैलं भेतील म्हणत असशील तं गाडी ठिवतो. खाट आणतो, चार जण उचलून नेतो. एका मिनिटाचं काम हाय बे!"

"भगवानराव, नारळ उचलला हाय."

भगवानरावानं बैलांचा कासरा ओढून धरला. गर्दीतलं कोणीच पुढं आलं नाही. ह्या गावात त्या नारळाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नव्हता. पुष्पाबाईलाही नाही. कमांडर काय म्हणाला होता ते तिला ठाऊक नव्हतं; मेलेल्या दिराची गोष्ट मात्र लग्न होऊन आल्यापासून ती ऐकत होती. तिनं पोरीच्या कपाळावरचा घाम पुसला आणि स्वतःच्या तोंडानं म्हणाली, "थांबू बाप्पा दहा मिनिटं. पाचच राह्यल्या म्हंते ना."

पाच मोटारी गेल्या. चाळीस पुऱ्या झाल्या. रस्ता मोकळा पडला, पार नजर पोचेल तिथपर्यंत. उरली होती फक्त हिरव्या झेंडीची मोटार.

"आता?" भगवानराव म्हणाला.

"येईलच. तिच्याबिगर पट संपत नाई."

पाव तास गेला. कळ आली की कोकिळा गाडीच्या दांडीला धरून गुरासारखी हंबरायची आणि कळ सरली की डोळे मिटून पडायची. मग कळा आणि त्यांच्या मधली उसंत यांत फरक उरेना. ज्या बाईनं असं आपलं लेकरू मांडीवर धरलं आहे, तिला ती वेळ घड्याळात सांगता येत नाही.

"मी एकटाच पयत जातो," भगवानराव म्हणाला. "डॉक्टरले इकडं घेऊन येतो. मले एकट्याले सोड."

"तुमी गेले तरी दोरी ओलांडलीच ना. दोष मले लागत नाई भगवानराव. गाडीत निजेल हाय तिले लागते. माह्या भावाले लागला तसा." निवृत्तीनं गाडीकडं हात केला. "मले काय माही पोरगी जड झाली का?"

असं तो म्हणाला, आणि खरंच म्हणाला. त्या दोरीच्या टोकाला तो पोरीचा जीव धरून उभा होता. दोरी सोडली तर ती जाईल, इतकंच त्याला दिसत होतं. समोरचा पांढरा व्हरांडा दिसत होता, तरी दिसत नव्हता.

पुष्पाबाई गाडीतून उतरली. नवऱ्यासमोर उभी राहिली. चारचौघांत तिनं आजवर त्याच्याकडं मान वर करून पाहिलं नव्हतं.

"निवृत्ती," तिनं त्याला नावानं हाक मारली.  "तुह्या बापानं सोडली तवा तुहा भाऊ गेला. तू धरून ठिवून माही पोरगी मारतं काय?"

निवृत्ती तिच्याकडं पाहत राहिला. हाताला गुंडाळलेली दोरी सोडवायला त्यानं दुसरा हात उचलला, की रस्त्याकडं बोट दाखवायला उचलला, हे पुढं कोणालाच सांगता आलं नाही. कारण तेवढ्यात नांदुऱ्याकडून, मोटारी येत होत्या त्याच बाजूनं, आवाज आला. सगळ्यांनी तिकडं माना वळवल्या. हिरवी झेंडी नव्हती. सरकीच्या पोत्यांनी भरलेला ट्रक होता.

निवृत्ती शिटी फुंकत रस्त्यावर धावला; त्या भरात दोरीचं टोक हातातून कधी सुटलं ते त्याला कळलं नाही. ड्रायव्हरनं मुंडकं बाहेर काढलं. "कायले अडवून राह्यला भाऊ? आमाले बारा वाजता सोडलं नांदुऱ्याच्या नाक्यावरून."

"हिरव्या झेंडीची मोटार कुठीसा हाय?"

"ते? ते तं खामगावातच बंद पडली. सकाऊनपासून तिथंच हाय. लोकं धक्के मारून राह्यले."

मागं वळून निवृत्तीनं पाहिलं तेव्हा दोरी मातीत पडली होती आणि भगवानरावाची गाडी रस्ता ओलांडून निम्म्या वाटेवर गेली होती. घड्याळात सव्वाबारा झाले होते.

कोकिळा वाचली. मुलगी झाली. पुरी वाढलेली, डोकं भरून काळं जावळ, आणि मेलेली. डॉक्टर तरुण होता, नागपूरकडचा. हात धुताना म्हणाला, "नाळेचा फास बसला होता. तासभर आधी हिला आणलं असतं तर मूल हाती लागलं असतं. इथं दिसतं एवढ्यावर तर राहता तुम्ही. कुठं थांबला होता?"

पुष्पाबाईनं ते लेकरू पदरात गुंडाळलं.

त्या संध्याकाळी निवृत्तीनं महादेवापुढं नारळ फोडला की नाही, ते पुष्पाबाईनं पाहिलं नाही. देव्हाऱ्यात तो नव्हता, एवढंच.

महिन्याभरानं मलकापूरला होमगार्डांचा सत्कार झाला. जिल्ह्यातल्या सगळ्या फाट्यांमध्ये जिथून दोन्ही दिवस एकही माणूस रस्त्यावर आला नाही, असा एकच फाटा, म्हणून क्लबानं निवृत्तीला प्रमाणपत्र पाठवलं होतं, इंग्रजीतलं. कमांडरनं पाठ थोपटली. मग बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "काय कानावर आलं निवृत्ती? मी सांगितलं होतं ना रे, बाळंतिणीला सोडायचं म्हणून?"

"सांगतलं होतं साहेब."

"मग?"

निवृत्तीनं प्रमाणपत्राची घडी करून खिशात घातली. साहेबाला काय सांगायचं आणि कुठून सुरुवात करायची? कमांडर दुसऱ्याच्या पाठीवर हात ठेवायला गेला.

त्यानं गणवेश परत केला. पटातली दोरी दुसऱ्यानं घेतली. गावानं त्याला नावं ठेवली नाहीत, हे खरं सांगायचं तर अधिक वाईट होतं. ओट्यावरचे म्हातारे म्हणत, "दोरी सोडली असती तं कोकिळाबी गेली असती. निवृत्तीनं पोरगी वाचवली." असं कानावर पडलं की पुष्पाबाई घागर उचलून दुसऱ्या वाटेनं जायची. घरात ती त्याच्याशी बोले. भाकर झाली, पाणी काढलं, एवढं. तीही पहिली दहा मिनिटं थांबली होती, हे तिला एकटीलाच खात होतं.

दोन वर्षांनी कोकिळेला पुन्हा दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरचं, पण ते तसं झालेलं. म्हणून हेही माहेरीच करावं, तेवढंच पोरीचं उणं भरून निघेल, असं निवृत्तीच्या मनानं घेतलं. पुष्पाबाई म्हणाली, "तुमीच जा आणाले. मी काई म्हंत नाई." तो एस.टी.नं बुलढाण्याला आणि तिथून जीपनं धाडला गेला. आठवडी बाजाराचा दिवस होता. त्यानं पोरीसाठी साखरेच्या गाठी आणि हिरव्या बांगड्या घेतल्या.

कोकिळेची सासू बनाबाई चांगली बाई. तिनं पाणी दिलं, चहा केला आणि बापलेकींना बोलू द्यावं म्हणून गोठ्याकडं निघून गेली. कोकिळेनं बापाला जेवायला वाढलं. भाकर, वांग्याची भाजी, तिळाची चटणी. समोर बसून तिनं गावाकडचं सगळं विचारलं. भगवानरावाचे बैल, गोजरबाईचे डोळे. शेवटी निवृत्तीनंच विषय काढला.

"मी तुले न्याले आलो माय."

"मी येत नाई बाबा."

"आता तसं काई नाई. पट सोडला, होमगार्ड सोडलं. फाट्यावर आता रस्ता उघडाच असते. काई झालं तं मी सोता तुले पाठीवर घेऊन..."

"बाबा," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला धरायला काहीतरी मिळालं असतं. "तवाबी तुमच्या मनात माहं भलंच होतं. मायनं सांगतलं मले सारं. म्हणूनच मले भेव वाटते."

निवृत्तीनं ताटातला घास उचलला आणि तसाच ठेवला.

तिनं त्याला वाटेसाठी भाकर बांधून दिली. पाया पडली. बांगड्या हातात घालून दाखवल्या. आणि जीपपर्यंत पोचवायला धाकट्या दिराला बरोबर धाडलं. स्वतः आली नाही.