न लिहिलेला नियम

अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनमधल्या आम्हा मराठी मंडळींचे पुढारी म्हणजे एक हार्ट सर्जन काका. लोकांची हृदयं उघडून बघण्यात त्यांचा जन्म गेला, स्वतःचं तपासायला सवड झाली नसावी. ऐंशीच्या दशकातल्या त्या उन्हाळ्यात मी नागपूरहून बायकोला घेऊन तिथं नवाच आलो होतो. तिला सहावा महिना होता, आई सातासमुद्रापलीकडे. काकूंनी फोनवर कबूल केलं होतं, “सातव्यात तुझं डोहाळजेवण मी करणार.” त्या एका वाक्यावर ती दिवस काढत होती.

त्याच सुमारास काकांनी घरच्या डेकवर बार्बेक्यू ठेवलं. शेजारचा गोरा म्हाताराही आला होता. शतकाच्या सुरुवातीला, लहानपणी, त्यानं वडिलांबरोबर व्यावसायिक बेसबॉलची एक मॅच पाहिली होती आणि तेव्हापासून तो तीच सांगत होता. गर्दी इतकी, की दोर बांधून लोकांना मैदानातच उभं केलेलं. चेंडू सहसा बदलत नसत. खेळाडू त्यावर तंबाखू थुंकत, मग तो मळून काळा पडे आणि संध्याकाळी कोणाला दिसत नसे. याला म्हातारा सुवर्णकाळ म्हणत होता.

मी विचारलं, “त्या मॅचमध्ये काळे खेळाडू होते का?”

“नाही. त्यांच्या टीम वेगळ्या असायच्या.”

“तसा नियम होता?”

“लिहिलेला नव्हता. पण सगळ्यांना ठाऊक होता,” म्हाताऱ्यानं सरळ सांगून टाकलं आणि मक्याचं कणीस उचललं.

तो घरी गेल्यावर काकांना कंठ फुटला. “बघितलंत? कातडीचा कलर बघून माणूस ठरवतात हे लोक. एवढे ॲडव्हान्स्ड, पण मेंटॅलिटी बघा यार. यांना कल्चर आपणच शिकवायला हवं.” भोवतीच्या डॉक्टर-इंजिनियरांनी माना डोलावल्या. मग कोळसे खालीवर करत काका माझ्याकडे वळले. “बरं, तुमचं मूळ गाव कोणतं?”

मी सांगितलं.

“आडनावावरून काही कळत नाही हो तुमच्या. नागपुरात कुठल्या भागात राहता? वडील काय करायचे?”

हे प्रश्न मी शाळेपासून ओळखतो. सरळ जात विचारायची लाज वाटते, म्हणून माणसं गाव, वस्ती, वडील असे वळसे घेत येतात, आणि आपल्याला काही कळत नाही असं त्यांना वाटतं. मला त्या वळशांचा वीट आला होता. म्हणालो, “आम्ही बौद्ध.”

“अरे वा, व्हेरी गुड,” काका म्हणाले. “आम्ही असलं काही मानत नाही.” मानता का, असं मी विचारलंच नव्हतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

सातवा महिना लागला. बायकोनं हिरवी साडी इस्त्री करून ठेवली. मग काकूंचा फोन आला. त्या वीकेंडला गेस्ट येतायत, म्हणून कॅन्सल केलंय, बघू पुढे. आठवा लागला, नववा लागला, ते पाहुणे काही काकूंच्या घरातून हलेनात. तरी फोन वाजला की बायको पोट सावरत उठायची. मला काकूंचा राग यायचा, आणि तिच्या त्या आशेचा त्याहून जास्त. डोहाळजेवण झालंच नाही.

मुलगी झाली तेव्हा काकांचा फोन आला. आवाज साखरेत घोळलेला. “काँग्रॅच्युलेशन्स! नाव काय ठेवताय?”

“अजून ठरायचंय,” मी म्हणालो. “पण ऐकल्याबरोबर कळेल असंच ठेवू, काका. म्हणजे तिला गाव विचारायचे कष्ट तुम्हाला पडायचे नाहीत.”