सदाचा मान

साताऱ्यातल्या आमच्या अनाथाश्रमाच्या फाटकाशी टांगा उभा होता. माझी पत्र्याची ट्रंक वर चढली होती. माझा धाकटा भाऊ सदा माझ्याकडं न बघता घोड्याला गवत भरवत होता. लग्न लागून मी नवऱ्याबरोबर जबलपूरला निघाले होते.

त्याचं बिनसलं होतं ते मांडवात. नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, बहिणीला नीट नांदव म्हणून बजावतो आणि मानाची टोपी घेतो. आश्रमातल्या बहुतेक मुलींना भाऊच नसायचा, म्हणून हा मान व्यवस्थापकांच्या मुलाकडं ठरलेला. भटजींनी हाक मारली तसा तो सवयीनं पुढं झाला. सांगलीच्या मुलांच्या वसतिगृहातून रजा काढून, भांग पाडून आलेला सदाही उठला होता, तो अर्ध्यात थांबला. मागून कुणीतरी म्हणालं, "बस की रं गड्या, एका नवऱ्याचा कान किती जणांनी पिळायचा?" मांडव हसला. सदाही हसला.

टांग्यात बसताना मी विचारलं, "भाऊबिजेला येशील न्हवं जबलपूरला?"

"तुजं माहेर लय मोठं हाय, आक्का. त्यात माज्यावाचून काय आडलंय?"

आश्रमातल्या माझ्या बहिणींनो, ही तक्रार नव्हे. तापाच्या साथीत आईबाप गेले, तेव्हा आम्हा दोघांना आटपाडीहून आणून आश्रमानंच जगवलं. मुलगे मोठे झाले की सांगलीला धाडायचे, तसं सदाला धाडलं. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. चौथीनंतर शाळेत मीच टिकले नाही. नवरा आश्रम चालवणाऱ्या आपल्या बाईंनी पारखून दिला. हे वाचून बाईंना वाईट तर वाटणार नाही ना, या धास्तीनं मी दोनदा लिहायचं थांबले.

इथं जबलपूरला फॅक्टरीच्या भोंग्यावर उठायचं आणि क्वार्टरपुढच्या नळाला रांग लावायची. शेजारीण विचारते, "मायका कहाँ है?" मी सातारा सांगते. "भाई है?" हो म्हणते, आणि ती पुढचं विचारायच्या आत बादली उचलते.

दोन्ही बाळंतपणं आश्रमातच झाली. दोन्ही वेळा सांगलीला निरोप गेला, सदा आला नाही. बाळाला मामानं आणायची कुंची आणली ती व्यवस्थापकांच्या मुलानं. भला माणूस. ती बाळाला घालताना मला रडू फुटलं आणि बाईंना वाटलं, आनंदानंच.

सदा आता सुतारकाम करतो, सोबत्यांबरोबर एका खोलीत राहतो. उन्हाळ्यात आम्ही येतोय. बाईंनी "घरी ये" म्हणून कळवलंय आणि तुम्हा सगळ्यांना भेटायचं आहेच. पण या खेपेला गाडी सातारारोडला थांबली तरी मी मुलांना उठवणार नाही. तशीच मिरजेला जाईन, तिथून सांगलीला. त्या खोलीत बाईमाणसाला टेकायलाही जागा नसेल. तो दार उघडील की नाही, तेही ठाऊक नाही. उघडलंच, तर माहेरी आल्यासारखी उंबऱ्यावर बसून आधी प्यायला पाणी मागेन.