आमिशांची चाल आणि वन्संचा आवाज

थंडीच्या सकाळी शेतावरून सरकत येणाऱ्या धुक्यासारखा तो स्वर होता. मंद, ओलसर, कुठलीही घाई नसलेला. मैत्रेयीने, माझ्या लेकीने, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातून फोनवर पाठवलेली पितळी वाद्यांची ती धून मी अमरावतीत, राजापेठेतल्या स्वयंपाकघरात ऐकत उभी राहिले आणि शेगडीवरचे दूध कधी उतू गेले ते कळलेच नाही. आमच्याकडे बाजा म्हणजे वरात, घाम आणि कानठळ्या. त्याच पितळेतून प्रार्थनेसारखे काही पाझरू शकते, हे कुणाला ठाऊक होते?

मैत्रेयीच्या घराजवळ आमिश या जुन्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची शेते आहेत. घोडागाडीतून फिरणारी, शेजाऱ्याचे धान्याचे कोठार सगळ्यांनी मिळून उभारणारी ही माणसे. प्रार्थनेच्या वेळी ती वाद्याला हात लावत नाहीत. सारे एकाच सुरात, विलक्षण संथ गातात. त्यांच्या जगण्यावरून आणि जुन्या गाण्यांवरून तिथल्या कुणा संगीतकाराने बँडसाठी ही रचना बांधली. ज्यांनी वाद्ये दूर ठेवली, त्यांचेच गाणे वाद्यांच्या मुखी यावे, यातली मौज मला फार आवडली. ‘माझ्या हळदीला हेच वाजवायचं,’ असा मैत्रेयीचा हट्ट होता.

आमच्या बाजारातले बँडमास्तर इस्माइलभाई यांनी डोळे मिटून धून ऐकली. “ताई, चाल लय गोड हाये,” ते म्हणाले, “पन हे वाजवलं अन् पाव्हणे झोपले, तं मलेच बोल लावान.” मग आपले पितळी कॉर्नेट पुसता पुसता त्यांनी विचारले, “तुमच्यात असं बिनबाज्याचं, बायांचं गानं असन ना? ते आइकवा. दोन्ही जोडून देतो.”

असे गाणे एकाच कंठात होते. वत्सलावन्सं, माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण, तेल्हाऱ्याच्या. एके काळी त्यांच्या गळ्यावाचून गावातली हळद लागत नसे. ऐन तिशीत वैधव्य आले आणि त्या मांडवातून उठून आतल्या खोलीत गेल्या. जा असे कुणी म्हटले नाही, ये असेही कुणी म्हटले नाही. रीत अशीच असते. तिला दार नसते, तरी ती माणसाला कोंडून ठेवते.

लग्नाच्या तयारीसाठी त्या आल्या, तेव्हा मी त्यांना इस्माइलभाईंकडे चला म्हटले.

“मले काहून नेतं वं? सवाष्णीले ने.”

“त्यांना चाल हवी आहे, वन्सं. सवाष्ण नको.”

त्या हसल्या आणि निघाल्या. खुंट्यांवर टांगलेल्या जरीच्या कोटांखाली, खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी आधी अगदी दबक्या आवाजात, जात्यावर हळद दळताना म्हणायच्या गाण्याला सुरुवात केली. कॉर्नेट हळूच त्यांच्या मागे गेले. मग आवाज उघडला. जात्याच्या फेऱ्याची ती लय आणि आमिशांच्या श्वासाची ती संथता एकमेकींत अशी मिसळली, की कुठे एक संपते आणि दुसरी सुरू होते ते कळेना.

हळदीच्या दिवशी अकोल्याहून वराकडची मंडळी उष्टी हळद घेऊन आली. वन्सं मात्र पुन्हा स्वयंपाकघरात, तांदूळ निवडत. अंगणात बँडने परदेशी चाल धरली. बायका चकित होऊन ऐकू लागल्या. आणि मध्येच इस्माइलभाई थांबले. स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणाले, “बाई, तुमी गायल्या नाई तं आमचा बाजा इथंच थांबते. पुढचं आमाले येत नाई.”

साऱ्या अंगणाने आत पाहिले. विहीणबाई, मुलाची आई, सतरंजीवरून उठल्या. आता काय बोलतात? आणलेली हळद घेऊन परत तर निघणार नाहीत?

“नवरीची सख्खी आत्या ना?” त्या म्हणाल्या. “मंग आत काऊन बसली? या बाई, बसा इथं.” आणि त्यांनी शेजारी जागा केली.

मैत्रेयी पाटावरून उठली, आत्याचा हात धरून तिला घेऊन आली. वन्संनी पदर सावरला आणि गाऊ लागल्या. त्यांच्या आवाजाखाली पितळ मऊ होऊन वाहत होते. मैत्रेयीने त्यांचा हात धरून हळदीच्या वाटीत बुडवला आणि आपल्या गालावर ठेवला. त्यांचा सूर तुटला. पण तोवर अमरावतीच्या आणि अकोल्याच्या बायकांनी गाणे उचलले होते. ते खाली पडले नाही.

उन्हाळ्यात वन्संचा तेल्हाऱ्याहून फोन आला. गल्लीत कुणाकडे तरी हळद होती.

“मले बोलावनं आलं,” त्या म्हणाल्या. “त्यायच्याकडं बाजा नाई म्हनतात. म्या म्हनलं, नसू दे. मी येतो ना.”