अंबादासकाकांची बाटली

सीलबंद डबा उघडला की अंबादासकाका आधी त्यात नाक घालायचे. मग तेलाचा थेंब दोन बोटांत चोळून उजेडाकडे धरायचे. "काका, सील आहे ना त्याला," मी म्हणायचो. "सील माणसानंच मारलं ना साहेब? मंग?"

नवीन जालन्यातल्या आमच्या बियाणे कंपनीत भाजीपाल्याचं बी हवा काढून पाकिटांत भरतात. ती हवा ओढणारे तेलाचे दोन व्हॅक्यूम पंप काकांच्या ताब्यात होते. ते रोज भोकरदनहून एसटीनं यायचे आणि आल्याआल्या पंपाच्या नटांवर आदल्या दिवशी केलेल्या खडूच्या खुणा तपासायचे. "माझा कुणावर बी भरोसा न्हाई. माझ्यावर बी न्हाई, म्हणून तं खुणा करतो."

तेल बदलायची त्यांची रीत ठरलेली. पंप आधी चालवून गरम करायचा, कारण थंड तेल गाळ आतच सोडून येतं. मग बंद करून खालचा बोल्ट सोडायचा आणि तेल काचेच्या बाटलीत धरायचं. नव्या तेलानं एकदा आतून खंगाळून घ्यायचं, ते काढून टाकायचं आणि मगच पंपाच्या काचेवरच्या दोन रेघांच्या मधोमध ताजं तेल भरायचं. एका ऑपरेटरनं घाईत खंगाळायला रॉकेल आणलं तेव्हा काका असे भडकले की तो बिचारा आठवडाभर तिकडे फिरकला नाही.

त्या बाटल्या ते पिशवीत घालून घरी न्यायचे. मी गुणवत्ता विभागातला, आणि संशय घेण्यात मीही काही कमी नव्हतो. नवं तेल पळवतात, अशी माझी खात्री झाली. एकदा ते जेवायला गेलेले पाहून मी पिशवी उघडली. आत जुन्याच तेलाच्या बाटल्या होत्या, प्रत्येकीवर तारखेची आणि पंपाची चिठ्ठी चिकटवलेली.

"बघा, बराबर बघा. इथं ठेवल्या तं कुणी बी बदलंल, म्हणून घरी नेतो," मागून आवाज आला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका मात्र रागावले नाहीत. त्यांनी दोन बाटल्या माझ्यासमोर धरल्या. एकीतलं तेल मधासारखं स्वच्छ, दुसरीतलं ताकासारखं पांढुरकं.

"ह्याच्यात पाणी गेलंय. ह्या पंपावर तुमचं कांद्याचं बी चालू राह्यलं."

"पावसाळी हवा आहे काका."

"मंग ती हवा दुसऱ्या पंपाला कामून लागली न्हाई? खोली एकच, तेल एकाच डब्यातलं."

त्या कांद्याच्या लॉटवर ओलावा ठीक असल्याची माझी सही होती. ओलं बी पाकिटात बंद झालं की मरतं, आणि ते पेरणाऱ्याचा हंगाम जातो. हा माणूस मला अडकवतोय, असं वाटून माझं डोकं फिरलं. "मी मीटरनं मोजलंय!"

"कोणत्या पोत्यातलं?"

नमुना प्रत्येक पोत्याच्या तळापासून काढायचा असतो. मी पुढच्या रांगेतल्या पोत्यांतून वरची मूठ घेतली होती, आणि हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

त्याच दुपारी मी सगळी पोती खाली उतरवली. भिंतीकडची रांग दमट निघाली. लॉट थांबला आणि बी परत वाळवायला गेलं. मॅनेजर धावत आले. "कुणी पकडलं हे?"

मी तोंड उघडणार तोच काका फडक्याला हात पुसत म्हणाले, "सायबांनीच. मी तं तेल बदलून राह्यलो होतो." मॅनेजरांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मी थोपटू दिली.

"खोटं का बोललात?" मी नंतर विचारलं.

"नौकरी गेली असती तुमची. नवा माणूस आला असता, त्याला पुन्हा पहिल्यापासून पारखायचं."

निवृत्तीपर्यंत त्यांनी माझ्या प्रत्येक सहीकडे तिरप्या नजरेनं पाहिलं. मला त्यांचा राग यायचा. तरी मी पोती तळापासून तपासू लागलो.

यंदा काका गेले. मी भोकरदनला त्यांच्या घरी भेटायला गेलो. काकूंनी नाव विचारलं आणि डोळे पुसता पुसता त्यांचा चेहरा उजळला. "कांद्याचं ओलं बी पकडणारे साहेब तुम्हीच का? लई कौतुक सांगायचे तुमचं."

घरीसुद्धा त्यांनी खरं सांगितलं नव्हतं. आता सांगावं, म्हणून मी शब्द जुळवत होतो. काकू पाणी घेऊन आल्या आणि त्यांनी पुन्हा विचारलं, "तुम्हीच ना?"

मी "हो" म्हणालो.