नकली प्रोसेसरच्या मॅडम

"बसा निवांत, चालायलंय ते."

खुर्ची मागं ढकलून, हाताची घडी घालून ती असं म्हणाली की लॅबमधल्या पोरांचे चेहरे पडायचे. स्क्रीनवर काहीच हलत नसायचं. एखादा उतावळा गपचूप प्रोग्राम बंद करून टाकायचा आणि मग त्याची काही खैर नसायची.

धाराशिवच्या आमच्या कॉलेजात ती कॉम्प्युटर आर्किटेक्चर शिकवायची. तऱ्हेतऱ्हेचे प्रोसेसर विकत घेण्याची आमची ऐपत नव्हती, म्हणून सिम्युलेटर. म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरच्या पोटात दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरचं हुबेहूब सोंग. प्रोग्राम आपल्या मशीनवर तयार करायचा, पण त्या परक्या प्रोसेसरला कळेल असा, आणि मग आत सोडायचा. सिम्युलेटर त्याचं पाऊल न् पाऊल तपासतो, मेमरीसाठी तो कुठं ताटकळला तेही सांगतो. एवढं सगळं करायचं म्हटल्यावर सावकाशच चालणार ना?

पोरांचे प्रोग्राम आत गेले की लगेच आपटायचे. लागणारी लायब्ररी, म्हणजे आधीच लिहिलेला आयता कोड, सोबत बांधून द्यायला पोरं विसरायची आणि सिम्युलेटरच्या आत तर काहीच मिळत नाही. ही लांबूनच विचारायची, "शिदोरी दिली न्हाय व्हय? तिथं काय तुझी मावशी राहती, ताट वाढायला?" पोरं हसायची आणि पुन्हा विसरायची.

ती उमरग्याची. वडिलांचं हायवेला टायरचं दुकान. घरात दखनी, वर्गात मराठी आणि चिडली की दोन्ही. मी तिच्यापेक्षा वयानं बरीच मोठी, शेजारच्या टेबलावर गणित शिकवणारी. मला ती ताई म्हणायची आणि माझ्या डब्यातली शेंगाचटणी न विचारता संपवायची. नोकरी तिची तासिका तत्त्वावर. विषय राहिला तर ती राहणार, नाहीतर भावाच्या मोबाइलच्या दुकानात बसायचं, हे घरी ठरलेलंच होतं. ती मात्र पुढच्या वर्षीचे प्रयोग आखत बसलेली. असला आत्मविश्वास मी तरी दुसऱ्या कुणात पाहिला नाही.

आणि एके दिवशी समिती आली. हा विषय ठेवायचा की काढायचा, हे ते प्रात्यक्षिक बघून ठरवणार होते. साहेब लोकांचं निम्मं लक्ष तुळजापूरच्या दर्शनाकडं. प्राचार्य तर सकाळपासून घाम पुसत होते.

तिनं कमांड दिली आणि उत्तर चटकन आलं. अगदी बरोबर उत्तर. अध्यक्षांनी मान डोलावली, प्राचार्यांचा जीव भांड्यात पडला. सगळे उठायच्या बेतात होते.

ती मात्र स्क्रीनकडं बघतच राहिली. उत्तर आधी ताडून बघायला ती तोच प्रोग्राम नेहमी आपल्या मशीनसाठीही बनवून ठेवायची. हाताच्या सवयीनं तिनं तो आपल्या मशीनचाच चालवला होता. सिम्युलेटर सुरूच झाला नव्हता. हे खोलीत फक्त तिला आणि मदतीला शेजारी बसलेल्या मला कळलं. मी टेबलाखालून तिचा पाय दाबला.

"सर, थांबा," ती म्हणाली. "हे उत्तर आमच्या मशीनचं हाय. सिम्युलेटरचं न्हाय. चूक माझी."

मला तिचा असा राग आला म्हणून सांगू! हातात आलेला घास बाई स्वतः खाली टाकत होती. प्राचार्यांचं तोंड कडू झालं. ती मात्र खुर्ची ओढून बसली, सिम्युलेटरसाठीचा प्रोग्राम आत सोडला आणि अध्यक्षांनाही पोरांना सांगावं तसं निवांत बसायला सांगितलं. चहा झाला, पाणी झालं, कुणीतरी घड्याळ बघून खाकरलं. शेवटी उत्तर आलं, तेच. पण या वेळी त्याच्याखाली प्रोग्राम कुठं कुठं अडला याचा सगळा तपशील होता. अध्यक्ष चष्मा लावून पुढं सरकले आणि विचारतच सुटले. समितीचं दर्शन राहून गेलं. विषय मात्र राहिला.

त्यानंतरही ती बरीच वर्षं शिकवत होती. मग हैदराबादला प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली. उमरग्याला तिला गाडीत बसवून द्यायला मी मुद्दाम गेले. वडील पाण्याची बाटली आणायला गेले तेव्हा मनात राहिलेलं विचारून टाकलं, "त्या दिवशी गप बसली असतीस तर काय बिघडलं असतं गं?"

"विषय वाचलाच असता, ताई," ती म्हणाली. "पण दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन पोरांना कोणत्या तोंडानं वरडले असते?"

गाडी आली. ती चढली, खिडकीतून हात हलवत राहिली. मी तिथंच, तिच्या वडिलांसमोर, पदरानं डोळे पुसले. आणलेली बाटली त्यांच्या हातातच राहिली होती, ती त्यांनी मला दिली.